सर, पीपीटी मेल कराल का?

लेक्चर संपलं की आमच्या वर्गात हमखास ऐकू येणारं एक वाक्य आहे : “सर, पीपीटी मेल कराल का?” हल्ली मेलची जागा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपने घेतली आहे, पण मागणी तीच. शिकवलेलं समजलं की नाही हा प्रश्न नंतरचा, आधी फाईल मोबाईलमध्ये पडली पाहिजे! फाईल आली की निम्मा अभ्यास झाल्यासारखं वाटतं. उरलेला निम्मा परीक्षेच्या आदल्या रात्री.

आमच्या डिपार्टमेंटमध्ये मात्र एक सर असे आहेत, जे या मागणीला सरळ “नाही” म्हणतात. कारण द्यायला त्यांच्याकडे पीपीटी नसतेच. ते सिग्नल्स अँड सिस्टिम्स शिकवतात, तेही खडूने. वर्गात भिंतीवर मोठं इंटरॅक्टिव्ह पॅनल आहे, ते त्यांच्या तासाला काळंच राहतं. साहजिकच वर्गाने त्यांच्यावर ‘टेक्नॉलॉजीविरोधी’ असा शिक्का मारून टाकला आहे. “इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात आणि स्वतः मात्र खडू वापरतात,” हा विनोद प्रत्येक बॅचला नव्याने सुचतो आणि प्रत्येक बॅचला तो आपणच पहिल्यांदा केला असं वाटतं.

हा शिक्का चुकीचा आहे असं माझं मत आहे. मी सरांशी या विषयावर तीन-चारदा बोलले आहे, एकदा तर चक्क स्टाफरूमबाहेर अर्धा तास भांडले आहे. त्यांचं म्हणणं नीट ऐकलं तर त्यातलं पाऊण मला पटतं. उरलेल्या पावावर माझं अजूनही भांडण आहे, आणि मित्रांनो, हा लेख खरं तर त्या पावासाठीच लिहिते आहे.

सरांचा पहिला मुद्दा वेगाचा. फोरियर सिरीजचं एखादं डेरिव्हेशन घ्या. फळ्यावर ते लिहायला सरांना वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात आपण लिहितो, मध्येच अडतो, शेजारच्याला विचारतो, पुन्हा वर बघतो. तेच डेरिव्हेशन स्लाईडवर असलं की एका क्लिकमध्ये बारा इक्वेशन्स समोर येतात. शिकवणाऱ्याला वाटतं झालं, ऐकणाऱ्यालाही वाटतं झालं! सर म्हणतात, “फळ्यावर माझा हात दुखतो, म्हणून मी थांबतो. मी थांबलो की तुम्ही विचार करता. स्लाईडला हातच नाही, ती कशाला थांबेल?”

आणि फळ्यावर चुका होतात. सरांच्याही होतात. एकदा ऋण चिन्ह हरवलं आणि शेवटी उत्तर निघेना. सरांनी डस्टर खाली ठेवला आणि म्हणाले, शोधा. अख्खा वर्ग ओळ-ओळ मागे जात राहिला. त्या दिवशी जे डोक्यात बसलं ते अजून बसलेलं आहे. स्लाईडवरही चुका असतात हो, नाही असं नाही. पण त्या वर्षानुवर्षं तशाच पुढच्या बॅचकडे जात राहतात आणि आपण त्या उत्तरपत्रिकेत इमानेइतबारे उतरवतो.

आता गंमत ऐका. ‘टेक्नॉलॉजीविरोधी’ म्हणवणारे हे सर कन्व्होल्यूशन शिकवायला आले की सोबत पारदर्शक प्लास्टिक शीट्सचा गठ्ठा आणतात. जुन्या ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या काळातल्या त्या शीट्स, प्रोजेक्टर कधीच भंगारात गेला. सर प्रत्येक बाकावर दोन शीट वाटतात. एकावर एक सिग्नल काढायचा, दुसऱ्यावर दुसरा. मग दुसरी शीट उलटी करायची, पहिलीवर ठेवायची आणि हळूहळू सरकवायची. जिथे दोन्ही एकमेकांवर येतात तिथला गुणाकार, त्याखालचं क्षेत्रफळ, आणि ते प्रत्येक जागी कागदावर नोंदवायचं. दोन सारख्या रुंदीचे चौकोनी पल्स घेतले की उत्तर त्रिकोण येतं, हे आम्ही पुस्तकात वाचलं होतंच. पण तो त्रिकोण आपल्या हाताखाली चढताना आणि उतरताना दिसला की त्या इंटिग्रलमधलं ‘फ्लिप अँड शिफ्ट’ म्हणजे नेमकं काय, ते वेगळं पाठ करावं लागत नाही.

मी सरांना म्हटलं, “सर, याचं सुंदर अ‍ॅनिमेशन मिळतं नेटवर. पॅनलवर लावलंत तर दोन मिनिटांत होईल.” ते म्हणाले, “लाव की. पण शीट कोण उलटी करणार? अ‍ॅनिमेशन?”

म्हणजे त्यांचा विरोध साधनाला नाही. हात कोणाचा चालतो आणि डोकं कोणाचं, एवढंच ते बघतात.

या निमित्ताने पॉवरपॉइंटचा इतिहास जरा चाळला. १९८७ साली फोरथॉट नावाच्या एका छोट्या अमेरिकन कंपनीने मॅकिन्टॉश कॉम्प्युटरसाठी ते बाजारात आणलं आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलर्सना विकत घेतली. पहिल्या आवृत्तीचं मुख्य काम काय होतं माहीत आहे? ओव्हरहेड प्रोजेक्टरसाठी शीट्स छापणं! म्हणजे आमच्या सरांच्या गठ्ठ्याचीच ही धाकटी बहीण. मुद्दा असा की हे सॉफ्टवेअर ऑफिसातल्या मीटिंगसाठी, आपली कल्पना समोरच्याला पटवून देण्यासाठी जन्माला आलं. पटवणं आणि शिकवणं यात फरक आहे. पटवताना समोरच्याने फार प्रश्न विचारू नयेत असं वाटतं, शिकवताना त्याने विचारावेत म्हणून धडपडावं लागतं.

यावर एडवर्ड टफ्टी नावाच्या अभ्यासकाने २००३ मध्ये एक गाजलेला निबंध लिहिला. बुलेट पॉइंट्समुळे विचाराचे तुकडे होतात, असं त्याचं म्हणणं. त्याने दिलेलं एक उदाहरण प्रत्येक इंजिनिअरने वाचावं असं आहे. १६ जानेवारी २००३ ला कोलंबिया यान उडताना फोमचा एक तुकडा त्याच्या डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच बोइंगच्या इंजिनिअरांनी नुकसानीचा अंदाज बांधून नासाला स्लाईड्स दाखवल्या. त्यातल्या एका स्लाईडवर वर ठळक, धीर देणारं शीर्षक होतं. आणि अगदी तळाला, बारीक अक्षरात, बुलेटच्या पोटातल्या बुलेटमध्ये लिहिलं होतं की चाचणीत वापरलेला तुकडा ३ घनइंचाचा होता आणि इथे विचारात घेतलेला १९२० घनइंचाचा. म्हणजे ६४० पट! ज्या माहितीच्या जोरावर अंदाज बांधला ती इथे लागूच पडत नव्हती. हे वाक्य पहिल्या ओळीत हवं होतं. १ फेब्रुवारीला परत येताना यानाचे तुकडे झाले, कल्पना चावलासह सातही अंतराळवीर गेले. अपघात काही स्लाईडमुळे झाला नाही, हे उघड आहे. पण चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ च्या आपल्या अहवालात या स्लाईडची स्वतंत्र दखल घेतली, आणि तांत्रिक अहवालाऐवजी स्लाईड्सवर काम भागवण्याच्या सवयीवर टीका केली. आम्ही मात्र सेमिनारला ‘प्रत्येक स्लाईडवर सहाच ओळी’ हा नियम अजून घोकतो आहोत.

लॅबच्या बाबतीतही मी सरांच्याच बाजूची. व्हर्च्युअल लॅब्ज हा केंद्र सरकारचा आणि आयआयटींचा चांगला उपक्रम आहे आणि लॉकडाऊनच्या काळात, २०२०-२१ मध्ये, कॉलेजेस बंद असताना त्याच्यावर कित्येकांची प्रॅक्टिकल्स निभावली. जिथे उपकरणंच नाहीत तिथे तो हवाच. पण आता लॅब उघडी आहे, ब्रेडबोर्ड आहेत, ७४१ चे आयसी डब्यात पडून आहेत, तरी ‘स्क्रीनवर लवकर होतं’ म्हणून आम्ही तिकडे पळतो. स्क्रीनवर गेन दहा ठेवला की दहाच येतो. खऱ्या ७४१ ला १५ व्होल्टचा सप्लाय देऊन त्याच्याकडून वीस व्होल्ट काढायला जा, तो तेराचौदावर हात वर करतो आणि साईन वेव्हची डोकी सपाट होतात. प्रोब ढिला असतो, ग्राउंड लागलेलं नसतं, आयसी उलटा बसलेला असतो. आपल्याला नोकरीत नेमकं हेच करायचं आहे. जीटीच्या जमान्यात काचेखाली दिवा लावून सीनिअरची शीट ट्रेस करणाऱ्यांनासुद्धा निदान प्रत्येक रेघ स्वतः मारावी लागायची. आता कंट्रोल सी, कंट्रोल व्ही.

(एआयबद्दल काहीच लिहिलं नाही तर संपादक मंडळ रागावेल, म्हणून दोन ओळी. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं आणि असाइनमेंट या प्रकाराचा अर्थच संपला. सरांनी बंदी वगैरे घातली नाही. ते असाइनमेंट घेतात, मिटतात, बाजूला ठेवतात आणि म्हणतात, “छान. आता हे मला सांग.” ओरल आधीही होती, फक्त आता ती दर पंधरा दिवसांनी होते. बस्स, एवढंच.)

आता तो उरलेला पाव.

सर लेक्चर रेकॉर्ड करू देत नाहीत. ऑडिओ नाही, व्हिडिओ नाही, फळ्याचा फोटोसुद्धा नाही. “लिहून घ्या,” एवढंच. आधाराला ते २०१४ चा एक प्रसिद्ध अभ्यास सांगतात. म्युलर आणि ओपनहायमर या दोघांनी अमेरिकेत केलेला. लॅपटॉपवर नोट्स घेणारे विद्यार्थी शब्दन् शब्द टाईप करतात आणि संकल्पनेच्या प्रश्नांत हाताने लिहिणाऱ्यांच्या मागे पडतात, असा त्याचा निष्कर्ष. मी शोधाशोध केली तर २०२१ मध्ये तोच प्रयोग पुन्हा करून पाहिल्याचं सापडलं. त्यात लॅपटॉपवाले शब्दन् शब्द टाईप करतात हे पुन्हा दिसलं, पण परीक्षेतल्या गुणांत तसा फरक काही दिसला नाही. हे सरांना सांगितल्यावर वाटलं होतं चिडतील. ते म्हणाले, “पेपर आण, वाचतो.” नेऊन दिला, त्यांनी वाचलाही. रेकॉर्डिंगवरचं मत मात्र बदललं नाही.

माझं म्हणणं असं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. सरांच्या इंग्रजीच्या वेगाने मला कधी त्रास झाला नाही, त्यामुळे ‘फळ्याचा वेग हाच समजण्याचा वेग’ हे मला सहज पटलं. पण माझी लॅब पार्टनर डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला आली. दहावीपर्यंत मराठी माध्यम. कॅपच्या सगळ्या फेऱ्या उरकून ती वर्गात बसली तेव्हा आमचा एसईचा पहिला दीड महिना शिकवून झाला होता. कन्व्होल्यूशनच्या त्या शीट्स तिने पाहिल्याच नाहीत! सर तिच्यासाठी पुन्हा शिकवतात का? शिकवतात, खरंच शिकवतात, पाच वाजल्यानंतर थांबून. पण दीड महिना चार संध्याकाळींत बसत नाही, आणि तिची शेवटची एसटी सहाची असते.

मग ती काय करते? एनपीटीईएलवर जाते. आयआयटी आणि आयआयएस्सीच्या प्राध्यापकांची ही लेक्चर्स २००३ पासूनच्या उपक्रमातून तयार होत आली आहेत आणि फुकट आहेत. त्यातल्या कितीतरी लेक्चर्समध्ये प्राध्यापक चक्क फळ्यावर लिहितात, हे सरांनी बघावं असं आहे. ती ते पाऊण वेगाने लावते. दोन वाक्यं ऐकते, थांबवते, वहीच्या समासात मराठीत अर्थ लिहिते, पुन्हा सुरू करते. ‘लिनिअर’ला समासात ‘बेरीज चालते, पटही चालते’ असं लिहिलेलं मी पाहिलं. सुपरपोझिशनची इतकी सोपी व्याख्या मला इंग्रजीत कोणी सांगितली नव्हती.

फळा चालतो सरांच्या हाताच्या वेगाने आणि रेकॉर्डिंग चालतं तिच्या वेगाने. पीपीटी मात्र कुणाच्याच वेगाने चालत नाही. पहिली आणि तिसरी गोष्ट सरांना आमच्यापेक्षा चांगली कळते. दुसरीकडे मात्र ते बघायलाच तयार नाहीत, याचं मला वाईट वाटतं. कारण शीट विद्यार्थ्याच्या हातात द्यायची हा त्यांचाच विचार आहे. मग पॉझचं बटण विद्यार्थ्याच्या हातात द्यायला काय हरकत आहे?

हाच विचार सोलापूर जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शिक्षकाला आपल्या आधी सुचला होता. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले. इंजिनिअरिंग सोडून शिक्षक-प्रशिक्षणाकडे वळलेले हे गुरुजी, त्यामुळे आपल्याला ते जवळचे वाटायला हरकत नाही! ३ डिसेंबर २०२० ला त्यांना १० लाख डॉलर्सचा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून दिली, तेव्हा पेपरमधून त्यांचं नाव घरोघरी पोचलं. त्यांचं काम मात्र आधीचं होतं : पाठ्यपुस्तकातल्या धड्याशेजारी क्यूआर कोड छापायचा, फोनने तो स्कॅन केला की कविता ऐकू येते, धडा बघता येतो. त्या शाळेतल्या मुलांची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तकं त्या भाषेत नव्हती, म्हणून गुरुजी स्वतः कन्नड शिकले, असं पुरस्काराच्या वेळी सांगितलं गेलं. पुढे २०१७ मध्ये राज्य सरकारने सगळ्या इयत्तांच्या पुस्तकांत क्यूआर कोड आणायचं जाहीर केलं.

बातम्यांत सगळा भर क्यूआर कोडवर होता. मला मात्र कन्नड महत्त्वाचं वाटतं. तो काळापांढरा चौकोन आज आपल्या चहावाल्याच्या गाडीवरही आहे. शिक्षकाने आधी मूल कुठे अडतंय ते शोधलं आणि मग हाताला लागेल ते यंत्र घेतलं. आमच्याकडे क्रम उलटा असतो. आधी पॅनल येतं, मग त्याचं उद्घाटन, मग फोटो. नॅकच्या फॉर्मात आयसीटी सुविधा असलेल्या वर्गांची टक्केवारी विचारली जायची, ती भरली की काम झालं. लॅब पार्टनरच्या समासात काय लिहिलंय ते विचारणारा रकाना कुठल्या फॉर्ममध्ये असणार!

रेकॉर्डिंगला सरांच्या हरकती तीन आहेत. एक, रेकॉर्डिंग मिळालं की वर्ग ओस पडेल. सर, वर्ग आजही डिफॉल्टर लिस्टच्या भीतीनेच भरतो, आणि तुमचा वर्ग मात्र त्या लिस्टशिवायही भरतो. तुम्ही कशाला काळजी करता? दोन, कुणीतरी तुकडा कापून, गाणं लावून त्याचा रील बनवेल. ही भीती खरी आहे, मी नाकारत नाही. आमच्यातल्या काही महाभागांनी असले प्रकार केलेले आहेत आणि त्याचा राग सरांना असणं योग्यच आहे. पण त्यासाठी फाईल कॉलेजच्या लॉगिनमध्ये ठेवता येते, आणि ती फक्त उशिरा आलेल्यांसाठी उघडता येते.

तिसरी हरकत सगळ्यात वजनदार. कॅमेरा चालू असला की मुलं प्रश्न विचारत नाहीत. हे मी स्वतः बघितलं आहे. गेस्ट लेक्चरचं शूटिंग होतं तेव्हा दीडशे मुलांत एकही हात वर गेला नव्हता, एरवी जो बडबड करतो तो गणपत्याही गप्प (टोपणनाव, रागवू नको रे). मराठी माध्यमातून आलेला मुलगा तर कॅमेऱ्यासमोर मोडक्या इंग्रजीत प्रश्न विचारायला अजिबात धजणार नाही, म्हणजे ज्याच्यासाठी हे करायचं त्याचंच तोंड बंद. यावर मला सुचलेला उपाय साधा आहे. कॅमेरा फक्त फळ्याकडे आणि कॉलरला लावायचा माईक फक्त सरांना. वर्गाचा आवाज त्यात अगदी पुसट येईल. प्रश्नोत्तरं सुरू झाली की सरांनी रेकॉर्डिंग बंद करावं. पॉझचं बटण त्यांच्याकडेही आहेच की!

आणि सगळं वर्षभर नकोच. सत्राचे पहिले सहा आठवडे पुरेत, कारण भोक पडतं ते तिथेच. यासाठी नवं पॅनल लागत नाही, निविदा लागत नाही. एक जुना फोन, एक ट्रायपॉड आणि माईक. फोन मी द्यायला तयार आहे, स्क्रीनला तडा आहे पण कॅमेरा चांगला आहे. मायक्रोफोन आमच्या मिनी-प्रोजेक्टमधला उरलेला आहे.

एचओडी मॅडमना अर्ज दिला आहे, त्यावर डीएसईच्या एकोणीस जणांच्या सह्या आहेत आणि आमच्या काही जणांच्याही. डिपार्टमेंटच्या पुढच्या मीटिंगमध्ये विषय घेऊ, असं त्या म्हणाल्या. सर त्या मीटिंगला असतील आणि विरोध करतील, मुद्देसूद करतील, हेही मला माहीत आहे. फक्त नव्या डीएसईच्या याद्या लागायच्या आत निर्णय व्हावा. ट्रायपॉड कम्युनिकेशन लॅबच्या कपाटात आहे, चावी लॅब असिस्टंट काकांकडे असते.